खाऱ्या जमिनीचे बियाणे

आमचे गाव धरमतर खाडीच्या काठचे, खारेपाटातले. लहानपणी पहिला दमदार पाऊस पडून गेला की वडील शेतावर जायचे, साचलेल्या पाण्यात बोट बुडवायचे आणि जिभेला लावायचे. मग थुंकून म्हणायचे, "अजून आहे." चार दिवसांनी पुन्हा तेच. ज्या दिवशी ते घरी येऊन आईला "बी भिजत घाल" म्हणायचे, त्या दिवशी आम्हा मुलांना कळायचे, की शेतातले मीठ उतरले. भिजवलेले भात गोणपाटात दडपून ठेवायचे, त्याला मोड आले की चिखलात फेकायचे. याला आमच्याकडे रहू म्हणतात. लावणीची ऐट या जमिनीला परवडत नाही.

खारेपाट म्हणजे समुद्राकडून मागून घेतलेली जमीन. बाहेर मातीचा बांध, त्याला बाहेरकाठा म्हणायचे, आणि आतले पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर सोडायला उघाडी. या दोहोंच्या भरवशावर पिढ्यान्‌पिढ्या भात पिकले. याच भातातल्या हिश्श्यासाठी चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ साली संप पुकारला आणि सहा वर्षे खोतांची शेते पडीक ठेवली. उपाशी राहिले, पण वाकले नाहीत. ही जमीन कमअस्सल असती, तर तिच्यासाठी कोणी एवढे सोसले असते का?

या शेतीचे मरण एकाच रात्रीत येते. एका वर्षी उधाणाच्या भरतीला आमच्या बांधाला खांड पडली. सकाळी पोटरीला आलेल्या भातात गुडघाभर खाडी उभी होती. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असते, हे मी शाळेत शिकलो होतो. त्याचा अर्थ त्या सकाळी कळला. पीक तर गेलेच, पण पुढचे दोन पावसाळे वडिलांचे बोट "अजून आहे" एवढेच सांगत राहिले.

तिसऱ्या वर्षी शेजारच्या काकांनी एक गोणी बी आणून दिले. म्हणाले, "दादा, हे टाकून बघा. थोडे खारे सोसते." ते बी पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राचे होते. हे केंद्र आज दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे आहे. मुंबईच्या लोकांना पनवेल म्हणजे एसटीचा थांबा आणि हल्ली उंच इमारती. तिथे कोणी खाऱ्या मातीत भात वाढवून त्याची परीक्षा घेत असेल, हे सहसा कुणाच्या गावी नसते.

या संशोधनाची सुरुवात आमच्याच पूर्वजांच्या कणगीतून झाली आहे. खारेपाटात राता नावाचे लाल तांदळाचे भात पूर्वापार होते. शहरी माणसाला ते जाडेभरडे वाटेल, पण त्याच्या भाकरीवर आमच्या पिढ्या पोसल्या. त्यातून निवड करून काळा राता १-२४ आणि भुरा राता ४-१० हे वाण पुढे आले. नंतर पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ अशी सुधारित बियाणी निघाली. खारे सोसण्याचे गुपित असे, की असे रोप मुळाशीच मिठाला अडवते आणि पानात फारसे चढू देत नाही. केरळातल्या पोक्कळी या जुन्या भातात हा गुण देणारा आनुवंशिक भाग शास्त्रज्ञांना सापडला. फिलिपाईन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने त्यावर काम केले आणि आज अनेक देशांत तो गुण नव्या वाणांत आणला जातो. किनाऱ्यावरच्या अडाणी म्हटल्या गेलेल्या शेतकऱ्यांनी जपलेले बी जगाच्या कामी आले, ही केवढी गोष्ट!

आता थोडे कापसाविषयी. आमच्या किनाऱ्यावर कापूस नाही, पण आमची माणसे परळ-लालबागच्या गिरण्यांत त्याच कापसावर जगली. त्या कापसाच्या संशोधनाला पैशाची वाण कधी पडली नाही. १९२१ साली मध्यवर्ती कापूस समिती झाली, १९२३ च्या कायद्याने कापसावर उपकर बसला आणि १९२४ मध्ये माटुंग्याला धागा तपासण्याची प्रयोगशाळा उभी राहिली. पुढे १९७० मध्ये सुरतच्या डॉ. सी. टी. पटेलांनी एच-४ हा संकरित कापूस दिला. व्यापारासाठी पिकवलेला तो जगातला पहिला संकरित कापूस. १९७६ मध्ये नागपुरात केंद्रीय संस्था आली आणि २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली.

संकरित बियाण्याची एक खोड आहे. घरचे बी पुढच्या वर्षी पेरले, तर पीक एकसारखे येत नाही. म्हणून दर मृगाला दुकानाची पायरी चढावी लागते. त्यामुळे खाजगी कंपन्यांना त्यात रस आणि पैसा दोन्ही दिसला. उत्पादन वाढले हे नाकारता येत नाही. पण गुलाबी बोंडअळी त्या बीटीला सरावली आणि २०१७ मध्ये विदर्भाच्या शेतकऱ्याच्या हाती किडकी बोंडे आली. तोवर त्याचे घरचे बी केव्हाच संपले होते.

आमच्या भाताचे उलटे आहे. भाताचा फुलोरा स्वतःच्याच परागाने फळतो. पनवेलचे बी एकदा घेतले, की निगुतीने राखल्यास पुढची काही वर्षे घरचेच चालते. शेतकऱ्याला हे वरदान. पण नेमके म्हणूनच कुठली कंपनी खाऱ्या भाताच्या मागे लागत नाही. जे बी दरवर्षी विकता येत नाही, त्यात पैसा कोण घालणार? कापसाला गाठीमागे कर होता, गिरणीमालक होते, नंतर कंपन्या आल्या. खारेपाटाच्या भाताला सरकारी संशोधन केंद्राखेरीज वाली नाही. म्हणून त्याच्या तरतुदीला लागलेली कात्री ही आमच्या ताटाला लागलेली कात्री समजावी.

नुसते बी पुरणार नाही, हेही खरे. खारे सोसणारे भात समुद्र सोसत नाही. खांड वेळेत बुजली नाही, तर दोन-चार वर्षांत शेतात कांदळवन उभे राहते. त्याला कायद्याचे संरक्षण आहे, आणि ते योग्यही आहे, कारण लाटांचा पहिला मारा तेच झेलते. पण मग सातबारावर शेत आणि प्रत्यक्षात रान, अशी शेतकऱ्याची कोंडी होते. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि मुंबई अगदी दाराशी आली. अशा कोंडीतल्या माणसापुढे दलाल उभा राहिला, तर त्याने जमीन विकली म्हणून बोल कुणाला लावायचा?

समुद्राची पातळी वाढते आहे. आज आमच्या काही गावांचा असलेला प्रश्न उद्या साऱ्या किनाऱ्याचा होईल. तेव्हा खारे सोसणारे बी हवे, असे साऱ्यांनाच वाटेल. पण नवे वाण तयार व्हायला दहा-बारा वर्षे सहज लागतात. तहान लागल्यावर विहीर खणण्याची आपली सवय इथे चालणार नाही. बांधाची डागडुजी उधाणाआधी व्हावी, केंद्रात माणसे आणि पैसा असावा, आणि राता अजून ज्यांच्या कणगीत आहे त्यांच्याकडून तो मानाने मागून घ्यावा, एवढेच मागणे आहे.

वडील गेले त्याला बरीच वर्षे झाली. गेल्या पावसाळ्यात पुतण्या शेतावर निघाला, त्याच्या मागोमाग मीही गेलो. त्याने पाण्यात बोट बुडवले, जिभेला लावले आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "काका, अजून आहे."