स्क्रीनवर दिसतं ते विकू नका, मोजलेलं विका!



आपल्या गोंदिया जिल्ह्याची ओळख म्हणजे सारस. महाराष्ट्रात हा पक्षी मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याकडेच उरलाय. नागझिरा-नवेगावला येणाऱ्या पर्यटकांना थ्रीडी प्रिंट केलेला छोटा सारस विकायचा, ही कल्पना चांगलीच आहे. पण माझं मत स्पष्ट आहे: महागडं ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी, स्क्रीन काय दाखवते आणि काय लपवते ते शिका. तीन गोष्टी बघा.

पहिली, झूम म्हणजे माप नव्हे. समजा, तुमचा सारस 18 सेंटीमीटर उंच आणि त्याचा पाय 2 मिलीमीटर जाड आहे. ग्राहक म्हणाला, "गाडीच्या डॅशबोर्डसाठी 9 सेंटीमीटरचा द्या." मॉडेल निम्मं केलं की पायही 1 मिलीमीटर होतो. झूम केल्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण हातात आल्यावर छोट्याचा पाय मोडतो. नुकसान कोणाचं? तुमचं. म्हणून ब्लेंडरमध्ये एन दाबून उंची वाचा आणि मेजर टूलने पायाची जाडी मोजा.

दुसरी, पर्स्पेक्टिव्ह. यात जवळचं मोठं आणि लांबचं लहान दिसतं. फोटोसाठी ठीक. चोच, मान, पाय यांचं प्रमाण तपासताना मात्र नमपॅडवरचा 5 दाबून ऑर्थोग्राफिक व्ह्यू लावा.

तिसरी, झेडब्रशचा कॅनव्हास. एडिट बंद असताना पेन ओढलं की मॉडेलची नवी प्रत उमटते आणि आधीची नुसतं चित्र होऊन राहते. घाबरू नका, कंट्रोल आणि एन दाबून कॅनव्हास साफ होतो. पण फक्त डॉक्युमेंट सेव्ह केलं, तर कॅनव्हासवरचं चित्र राहतं, मॉडेल नाही! आठवड्याची मेहनत गेली. टूल किंवा प्रोजेक्ट सेव्ह करायची सवय लावा.

कोणी म्हणेल, "सर, ग्राहक तर फोटो बघूनच ऑर्डर देतो ना?" बरोबर. पण मॅटकॅपची ती चमक प्रिंटमध्ये उतरत नाही. फोटोमुळे पहिली ऑर्डर मिळते, दुसरी मिळते ती हातातल्या वस्तूमुळे.

म्हणून एक नियम करा: खरी उंची, सर्वात बारीक भागाची जाडी आणि एक नमुना प्रिंट, हे तीन झाल्याशिवाय कोणाकडूनही अ‍ॅडव्हान्स घ्यायचा नाही.

चला, कामाला लागा!