प्रकल्प वर्गात करून घ्या, आमच्या घरावर लादू नका

‘प्रकल्पातून शिक्षण’ हा शब्द आता जिल्हा परिषदेच्या शाळेपासून महागड्या इंग्रजी शाळेपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. शिक्षण हक्क कायदा २००९ चे कलम २९ कृतीतून आणि शोधातून शिकवा असे सांगते. राज्याच्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात प्रकल्पाची नोंद होते. आमचा प्रश्न एवढाच आहे की, नांदेड-लातूरच्या वस्त्यांमध्ये हा प्रकल्प नेमका करतो कोण?

बहुतेक वेळा तो स्टेशनरीचे दुकान करते, किंवा शिकलेला बाप करतो. ज्याच्या घरी पैसा आणि इंटरनेट, त्याचा तक्ता देखणा. ज्याची आई दिवसभर रोजंदारीवर, त्याची वही कोरी. मग गुण मुलाला मिळाले की त्याच्या घराला?

म्हणून ही पद्धतच टाकाऊ ठरवायची का? मुळीच नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकले. जॉन ड्यूई हे तिथले त्यांचे शिक्षक. शाळेत मुलांनी लोकशाही प्रत्यक्ष जगून शिकावी, हा ड्यूईंचा विचार. पुढे १९१८ मध्ये त्याच विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातल्या किलपॅट्रिक यांनी ‘प्रकल्प पद्धती’ मांडली. पण त्याच्या किती तरी आधी, १८५५ साली, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला होता. आपल्या लोकांची स्थिती तिने डोळे उघडे ठेवून पाहिली, कारणे शोधली आणि जाब विचारला. खरा प्रकल्प याहून वेगळा काय असतो?

काही पालक म्हणतील, ‘नीट’मध्ये १८० प्रश्न आणि प्रत्येकाला चार पर्याय, तिथे प्रकल्प कामाला येत नाही, लातूर पॅटर्नच हवा. या म्हणण्याची आम्ही थट्टा करणार नाही. परीक्षेचे दार आमच्या मुलांनाही उघडायचे आहे. पण शिकवणीची फी भरायची ऐपत किती घरांत आहे? ज्यांच्यात नाही, त्यांच्या मुलांना विषय समजण्याची एकच जागा उरते, ती म्हणजे शाळेचा वर्ग. तिथेही नुसती घोकंपट्टी झाली, तर ही मुले दोन्हीकडून जातात.

विषय शोधायला लांब जावे लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. मुलांनी गावातले नळ, विहिरी आणि हातपंप मोजावेत. कोणत्या गल्लीत किती वेळ पाणी येते, ते महिनाभर लिहावे. सरासरी काढावी, नकाशा काढावा. गणित, भूगोल, नागरिकशास्त्र एकत्र येते. आणि आमच्याच वस्तीत पाणी सगळ्यात शेवटी का येते, हा प्रश्न मुलेच विचारतील. काही जणांना नेमकी याचीच भीती वाटते.

गट करताना सावध राहावे लागेल. एकाने बोलायचे, दुसऱ्याने लिहायचे आणि आमच्या मुलाने कचरा उचलायचा, असा गट म्हणजे वर्गात आणलेली गावकी. कामे आळीपाळीने झाली पाहिजेत. ‘आईवडिलांचा व्यवसाय’ अशा विषयाआडून कुणाला वर्गासमोर जात सांगायला लावू नये.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. प्रकल्प शाळेच्या वेळेतच व्हावा. साहित्य शाळेने द्यावे. विकत आणलेल्या वस्तूला गुण नकोत. मुलाने काय पाहिले आणि त्यातून काय कळले, हे त्यालाच विचारून गुण द्यावेत. आणि शिक्षकाला यासाठी वेळ मिळावा म्हणून त्याच्यावरची अशैक्षणिक कामे कमी करावीत.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. कायद्याने दुर्बल घटकांनाही तिथे जागा दिली आहे. कार्यकर्त्यांनो, पुढच्या बैठकीला वस्तीतल्या आयाबायांना सोबत घेऊन जा आणि या मागण्या इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. तोंडी आश्वासनावर परत येऊ नका.

जयभीम!