धाप ओसरली, पुढे काय?

चुलीचा धूर, झाडूची धूळ, विडी. सीओपीडीने फुप्फुसे झिजलेल्यांत आपले कष्टकरी बांधव-भगिनी कमी नाहीत. धाप वाढली की दवाखाना, ऑक्सिजन, मग सुट्टी. घरी धापेच्या भीतीने चालणे सुटते, पायांतले बळ जाते, पुन्हा खाट गाठावी लागते.

सुट्टीनंतर तीन-चार आठवड्यांत देखरेखीखाली चालण्याचा, श्वसनाचा व्यायाम सुरू केला, तर पुन्हा दाखल होणे कमी होते, असे वैद्यकशास्त्र सांगते. त्याला महागडी यंत्रे लागत नाहीत, फिजिओथेरपिस्ट लागतो. पण त्यासाठी वाळूजहून आठवड्यातून दोनदा घाटीत यायचे, तर मजुरी बुडते. म्हणून ही सोय छत्रपती संभाजीनगरच्या वस्त्यांतील आरोग्य केंद्रांतच हवी.

सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे संविधानाच्या कलम ४७ नुसार राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे. ते करवून घेणे हे आम्हा चळवळीतल्यांचे काम आहे.