कळफलकावरचा ‘ळ’ आणि माळव्यातील मराठी

भ्रमणध्वनीवर लिहिण्यासाठी बटणांचा कळफलक बरा की काचेवरचा, हा वाद बहुधा वेगाच्या आणि सोयीच्या अंगाने घातला जातो. बटण बोटांच्या ओळखीचे होते, न पाहताही सापडते. काचेवर तसा आधार नसतो. उलट काचेवर हवी ती लिपी उमटवता येते, बटणावर छापलेले अक्षर मात्र बदलता येत नाही. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. तथापि धार व देवास येथील मराठी माणसाने या वादाकडे आणखी एका दृष्टीने पाहणे अगत्याचे आहे. कोणत्या साधनावर त्याची मराठी मराठीच राहते, हे त्याने तपासले पाहिजे.

धारचे पवार आणि देवासच्या थोरल्या व धाकट्या पातीचे पवार यांच्यासमवेत अठराव्या शतकात अनेक मराठी कुटुंबे माळव्यात स्थिरावली. त्या काळी मराठी कारभाराची लिपी मोडी होती. हात न उचलता भरभर लिहिण्यासाठी ती उत्तम. छापखान्याच्या सुट्या खिळ्यांना मात्र बालबोध सोयीची ठरली. छपाई वाढली तशी मोडी मागे पडली. साधनाला जे सोपे जाते ते टिकते, हा धडा मराठीने एकदा घेतलेला आहे. १९४८ मध्ये ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली, १९५६ मध्ये मध्य भारत मध्य प्रदेशात समाविष्ट झाला आणि शाळा-कचेऱ्यांत हिंदीचे स्थान पक्के झाले. मराठी घरात राहिली. आज अनेक घरांत तिचे लिखित रूप फोनवरील निरोपांपुरते उरले आहे. साहजिकच त्या घरांत मराठी कशी लिहिली जाते, हे बव्हंशी फोनचा कळफलक ठरवतो.

बेळगाव-कारवारकडे शेजारची लिपी निराळी आहे. तेथे पाटीवरून मराठी गेली की ती गेल्याचे लांबूनही दिसते. माळव्यात हिंदीची आणि मराठीची लिपी एकच असल्याने मराठी शब्दाच्या जागी हिंदी शब्द केव्हा येऊन बसला, हे कळतही नाही. हिंदीसाठी लावलेल्या कळफलकावर ‘दिवाळी’ लिहू गेल्यास सुचवणीच्या पट्टीत ‘दिवाली’ पुढे येते, ‘होळी’ची ‘होली’ होते. ‘माळवा’ हे आपल्याच प्रदेशाचे नावही ‘मालवा’ होऊन जाते. वास्तविक माळवी बोलीलाही ‘ळ’ परका नाही.

हा प्रश्न केवळ शुद्धलेखनाचा मानता येणार नाही. ‘वेळ’ आणि ‘वेल’, ‘काळ’ आणि ‘काल’ यांत अर्थच पालटतो. ‘दऱ्या’ डोंगरांतल्या आणि ‘दर्या’ समुद्र. ‘आचाऱ्यांना’ दक्षिणा आणि ‘आचार्यांना’ स्वयंपाकाची सामग्री पाठवण्याची वेळ एका अर्ध्या ‘ऱ’मुळे येऊ शकते. रोमन अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांची अडचण तर दुहेरी आहे. ‘के, ए, एल’ ही तीन अक्षरे दाबली की काल, काळ, कल, कळ यांपैकी काय अभिप्रेत आहे ते यंत्र अंदाजाने ठरवते. अंदाज हिंदीच्या शब्दसंग्रहावरून बांधला गेला, तर मराठी शब्द मागे पडणारच.

बटणांच्या फोनांनी तरी मराठीला काय दिले, असे कोणी विचारील. फारसे काही नाही. बारा कळांवर सारी वर्णमाला बसवलेली, एकेका अक्षरासाठी तीच कळ पुनःपुन्हा दाबायची. पुढे पूर्ण कळफलकाचे फोन आले, त्यांवर अक्षरे बहुधा रोमनच. पण संगणकाच्या कळफलकाने एक मोलाची गोष्ट दिली. केंद्र सरकारने १९८० च्या दशकात प्रमाणित केलेल्या इन्स्क्रिप्ट रचनेत डाव्या हाताला स्वर व उजव्या हाताला व्यंजने आहेत. ‘ल’च्याच कळीवर शिफ्टसह ‘ळ’ आहे, ‘र’च्या कळीवर ‘ऱ’. शाळेत हिंदीसाठी ही रचना शिकलेल्या देवासच्या मुलाला मराठीसाठी नवे काही शिकावे लागत नाही. ती कळ काहीही सुचवत नाही. दाबलेले अक्षर तेवढे उमटवते.

असे असले तरी काचेकडे पाठ फिरवणे शहाणपणाचे नाही. बोरू आणि टंकयंत्र यांच्याप्रमाणे बटणांचा फोनही बहुतेकांच्या हातून गेला आहे. शिवाय काचेवर इन्स्क्रिप्टची मांडणी घेता येते. मुंबईच्या आयआयटीत घडलेल्या स्वरचक्रासारखी, व्यंजनाभोवती स्वरांचे चक्र उघडणारी मराठी मांडणीही वापरता येते. माझे म्हणणे इतकेच, की साधन काचेचे असावे आणि शिस्त बटणाची असावी: जे अक्षर मी दाबीन तेच उमटेल.

त्यासाठी तीन गोष्टी प्रत्येक घराला करता येतील. फोनमध्ये हिंदीखेरीज मराठी ही स्वतंत्र भाषा म्हणून जोडावी. लिहिताना देवनागरी अक्षरांची मांडणी निवडावी, रोमन नव्हे. आपोआप होणारी दुरुस्ती बंद करावी. गणेशोत्सवाची निमंत्रणे काढणाऱ्या मंडळांनी हे काम ज्येष्ठांच्या फोनवर स्वतः करून द्यावे, कारण नातवंडांना मराठी वाचायला मिळते ती त्यांच्याच निरोपांतून.

सरकारकडेही एक मागणे आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १६३३३ या मानकाच्या तिसऱ्या भागानुसार प्रत्येक फोनमध्ये इंग्रजी, हिंदी आणि आणखी किमान एक भारतीय भाषा लिहिण्याची सोय हवी. ही तिसरी भाषा कोणती, हे ग्राहकाला खरेदीच्या वेळीच विचारले जावे. धारच्या दुकानात हा प्रश्न विचारला गेला, तर तेथील मराठी माणसाने ‘मराठी’ असे निःसंकोच सांगावे.