ठिणगी, टिकली आणि वीज

रोडपालीहून एका भगिनींचे पत्र आमच्यापुढे आहे. पनवेल तालुक्यातील हे गाव आता कळंबोलीच्या वस्तीत जवळजवळ मिसळून गेले आहे. पत्रलेखिकेचे कुटुंब मूळचे दक्षिण कोकणातले. नोकरीधंद्यानिमित्त इकडे येऊन स्थायिक झालेले, पण दोन दीर, जावा, मुलेबाळे व वृद्ध सासूबाई यांसह अद्याप एकाच चुलीवर जेवणारे. एके सकाळी या भगिनींनी शेगडी पेटविण्यास लायटर दाबला, तो विद्युत्शास्त्र शिकणारा त्यांचा पुतण्या म्हणाला, "काकू, एवढ्याशा ठिणगीने गॅस पेटतो, मग बंदुकीला अजून घोडा हवा कशाला?"

प्रश्न तेवढ्यावर राहिला असता तर पत्र आलेच नसते. परंतु गावच्या घरी माळ्यावर सासऱ्यांची ठासणीची बंदूक आहे. बागायतीतून डुकरे-वानरे हाकण्याकरिता त्यांनी तिचा परवाना घेतला होता. ते गेल्या माघात निवर्तले. पुतण्याचा मनसुबा असा की, दिवाळीच्या सुट्टीत गावी जाऊन त्या बंदुकीस बॅटरी व बोटाचा ठसा ओळखणारे कुलूप बसवावे, म्हणजे ती एखाद्या लहान मुलाच्या हाती पडली तरी उडावयाची नाही. दिरांस कल्पना पसंत आहे, सासूबाईंस नाही. आमचे मत विचारले आहे.

मुलाची कल्पना पोरकट नाही, हे प्रथमच सांगून टाकतो. फक्त एका गोष्टीत त्याची फसगत झाली आहे. काकूंच्या लायटरातही घोडा असतोच! खटका दाबला म्हणजे आतली एक लहानशी हातोडी सुटून एका विशिष्ट स्फटिकावर आपटते. त्या ठोक्याने स्फटिकात वीज उत्पन्न होते आणि टोकाशी ठिणगी उडते. बॅटरी नाही, तार नाही, म्हणूनच तो बिचारा वर्षानुवर्षे ओट्यावर पडून कामास येतो. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचेच काम आहे.

बंदुकीचा इतिहास हा बहुतांशी दारूला विस्तव कसा लावावा याचा इतिहास आहे. शिवकालीन बंदूक तोड्याची. तोडा म्हणजे सोऱ्यात भिजवून वाळविलेली, सतत धुमसत ठेवावयाची दोरी. चाप ओढला की ती खाली येऊन रंजकीला लागे, आणि रंजकीची आग कानातून आतल्या दारूत शिरे. पावसाची एक सर आली की तोडा विझे; रात्री त्याचा निखारा शत्रूस दुरून दिसे. पुढे चकमकीची बंदूक आली. पेशवाईतील गारद्यांच्या खांद्यावर तीच असे. तोड्याची कटकट गेली, परंतु रंजक उघडीच राहिली.

हा दोष दूर केला तो एका धर्मोपदेशकाने. स्कॉटलंडातील बेलहेल्वी गावचे पाद्री अलेक्झांडर फोर्सिथ यांस शिकारीचा नाद होता. रंजकीचा भपकारा दिसताच पाखरे उडून जात, आणि गोळी पोहोचेपर्यंत झाडावर कोणी नसे. या त्राग्यातून, नुसत्या ठोक्याने पेट घेणाऱ्या रसायनाचा उपयोग करण्याची युक्ती त्यांस सुचली व १८०७ साली त्यांनी तिचा हक्क नोंदविला. आमच्या बालवाचकांस ते रसायन परिचित आहे असे म्हटले तरी चालेल. दिवाळीत पिस्तुलात घालून फोडतात त्या टिकलीचा हा खापरपणजोबा. तांब्याच्या इवल्याशा टोपीत ते भरून बंदुकीच्या मागच्या टोकावर बसविले, घोडा त्यावर पडला, की काम झाले. पुढे टोपी, दारू व गोळी एकाच पितळी नळीत आली आणि आजचे काडतूस तयार झाले. पुण्याजवळ खडकीस १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. २०२१ च्या ऑक्टोबरात तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे गेला. तेथे बंदुकीची जी काडतुसे होतात तीही ठोक्याचीच. मधल्या काळात सर्व बदलले, ठोका बदलला नाही.

मग विजेने कोणी यत्नच केला नाही काय? केला, आणि जेथे वीज हाताशी होती तेथे तो उत्तम साधलाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी विमानाकरिता १३ मिलिमीटरची एमजी १३१ ही मशीनगन केली. विमानाच्या नाकावर पंखा फिरतो आहे आणि त्याच्या पात्यांमधून गोळ्या सोडावयाच्या आहेत. क्षणाची चूक झाली तर आपलेच पाते आपण तोडू. अशा वेळी घोडा सुटून आपटेपर्यंतचा काळ देखील परवडत नाही. त्यांनी काडतुसाच्या बुडाशी एक बटन बसविले, त्याच्या भोवती वीज न वाहणारे कडे घातले, आणि इंजिनाच्या गतीशी जोडलेला विद्युत्प्रवाह नेमक्या क्षणी त्या बटनास दिला. अमेरिकनांची पुढची व्हल्कन तोफ सहा नळ्यांची. ती मिनिटास ६,००० म्हणजे सेकंदास शंभर फैरी झाडते. सेकंदास शंभर ठोके घालणारी हातोडी करण्यापेक्षा वीज बरी, हे सांगावयास नको. आमच्या नाशिकजवळ ओझर येथे २००४ पासून ज्या सुखोई-३० विमानांची जुळणी झाली, त्यांतील ३० मिलिमीटरच्या तोफेचे काडतूसही विजेनेच पेटते.

परंतु विमानात वीज निर्माण करणारे यंत्र असते; शिपायाच्या खांद्यावर ते नसते. १९४२ साली अमेरिकन पायदळास बझूका नावाची रॉकेट सोडण्याची नळी मिळाली. तिच्या लाकडी दस्त्यात विजेऱ्या होत्या. थंडीत त्या मंदावत, दमट हवेत कुजत. पुढे सुधारलेल्या नमुन्यात विजेऱ्या काढून मॅग्नेटो बसविण्यात आला, म्हणजे चाप ओढणाऱ्या बोटाच्या जोरानेच वीज निघू लागली. पुन्हा लायटर आला तो असा! शिकारीच्या बंदुकीतही प्रयोग झाले. ऑस्ट्रियातील व्होएरे या कारखान्याने १९९१ साली विजेने पेटणारी, पितळी नळीवाचूनची काडतुसे काढली. रेमिंग्टन या जुन्या अमेरिकन कंपनीने २००० साली एट्रॉनएक्स नावाची रायफल विक्रीस आणली. दस्त्यात नऊ व्होल्टची विजेरी, घोडा मुळीच नाही. चाप दाबणे आणि बार उडणे यांत अंतर जवळजवळ न उरल्यामुळे नेम हलण्यास अवकाशच राहत नसे. बंदूक वाईट नव्हती. परंतु तिला लागणारी काडतुसे दुसऱ्या कोणत्याही बंदुकीत चालत नसत, आणि दुसऱ्या कोणाचीही तिला चालत नसत. पाहुण्याच्या घरी जाऊन आपल्यापुरतेच मीठ मागावे, त्यातला हा प्रकार. तीन वर्षांत ती बंद झाली.

यावर पुतण्या म्हणेल की आजच्या विजेऱ्या पूर्वीच्या नव्हेत. ते खरे आहे. तथापि विजेने पेटणाऱ्या दारूस आपली वीज व परकी वीज यांतील भेद कळत नाही, ही अडचण विजेरी सुधारून जात नाही. १९६७ च्या २९ जुलै रोजी फॉरेस्टल नावाच्या अमेरिकन विमानवाहू जहाजावर एका विमानाचा वीजपुरवठा बाहेरून आतल्या यंत्रावर घेत असता प्रवाहाचा एक झटका आला, त्याच्या पंखाखालचे रॉकेट आपोआप सुटले, व त्या आगीत १३४ माणसे मेली. असे दारूसामान हाताळणारे अंगावरच्या लोकरी कपड्यांची वीज व जवळचे रेडिओयंत्र यांचीही धास्ती बाळगतात.

मुलाच्या मनसुब्यातला आम्हांस खरोखर आवडलेला भाग म्हणजे बोटाच्या ठशाचे कुलूप. त्यासाठी दारू विजेने पेटावयास हवी असे मात्र नाही. २०२३ साली अमेरिकेत बायोफायर या कंपनीने बोटाचा ठसा किंवा चेहरा ओळखून मगच सुटणारे पिस्तूल जाहीर केले, आणि त्यातले काडतूस नेहमीचेच, ठोक्याचे आहे. राखणदार विजेचा, काम जुन्या पद्धतीचे. कल्पना चांगली, परंतु ती कारखान्यात बसून नव्या शस्त्रासाठी करावयाची. माळ्यावरच्या जुन्या बंदुकीचा फेरफार परवान्यावाचून करणे कायद्यात बसत नाही, हे त्याच्या वडिलांनी त्यास समजावून सांगावे.

येथवर लिहून आम्ही लेखणी ठेवणार होतो. तो पत्राच्या समासात, आडव्या ओळीत लिहिलेले एक वाक्य दिसले. सासूबाई म्हणतात, "ह्यांनी शेवटची ठासली ती पणसाच्या दिवसांत, उडविली की नाही ते मला सांगता यावयाचे नाही." सगळ्या पत्रात महत्त्वाचे काही असेल तर ते हे! दिरांनी व पुतण्याने हे वाक्य वाचले आहे की नाही, न कळे.

ठासणीच्या बंदुकीतली काळी दारू कोरडी राहिली तर वर्षेच नव्हे, दशके जिवंत राहते. तिला विजेरी नाही की जी उतरेल. टोपी काढून ठेविली आहे एवढ्यावरून नळी रिकामी आहे असे मानू नये, कारण ठासलेली दारू बाहेरून दिसत नाही. नळीत डोकावणे, गज घालून उकरणे, चाप ओढून पाहणे, यांपैकी काहीएक घरच्या कोणी करू नये. आणि विद्युत्शास्त्र शिकणाऱ्याने तर तिच्याजवळ तार नेऊच नये. शिवाय १९५९ च्या शस्त्र-कायद्याप्रमाणे परवानेदाराच्या पश्चात शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे जमा करावयाचे असते. बागायतीसाठी ती खरोखर हवीच असेल तर वारसास आपल्या नावे परवाना मागता येतो. माघापासून आजवर बरेच महिने गेले आहेत.

तेव्हा थोरल्या दिरांनी दिवाळीची वाट न पाहता गावच्या ठाण्यावर जावे. बंदूक बरोबर नेऊ नये. ती माळ्यावर आहे, ठासलेली असण्याचा संभव आहे, एवढे सांगून जाणत्या माणसाकरवी ती उतरवून घ्यावी. गावचे घर शेजाऱ्यांच्या स्वाधीन असते आणि त्यांची मुले आंबे-फणस ठेवण्या-काढण्यास त्या माळ्यावर चढतात, असेही पत्रात ओघाने आले आहे. त्या शेजाऱ्यांस आजच दूरध्वनी करून माळ्याचा जिना काढून ठेवण्यास सांगावे.