नियम लिहिणाऱ्यांनो, 'कसं' ते सांगू नका!

शिडाची होडी पाण्यावर चालते, हे वाक्य आता अर्धंच खरं राहिलंय. काही होड्या पाण्याच्या वरून चालतात. होडीचं अंग हवेत, पाण्यात फक्त दोन पातळ पंख, आणि वेग चक्क वाऱ्यापेक्षा जास्त. या पंखांना म्हणायचं हायड्रोफॉइल, थोडक्यात फॉइल. विषय निघाला की कुणीतरी हमखास ऐकवतं, "ही सगळी अमेरिका कपची कृपा. अब्जाधीशांनी पैसा ओतला म्हणून होड्या उडाल्या, मग ते तंत्र झिरपत झिरपत छोट्या होड्यांपर्यंत आलं."

साफ चूक! झिरपलंच असेल तर ते खालून वर झिरपलंय. :-) आणि असं उलटं का झालं याचं उत्तर पैशात नाही, नियमांच्या पुस्तकात आहे.

आधी थोडं गणित. (कंटाळू नका, दोन परिच्छेदात संपतं.) फॉइल म्हणजे पाण्यातला विमानाचा पंख. पाणी हवेपेक्षा साधारण ८०० पट दाट, त्यामुळे एवढासा पंख माणसासकट होडी उचलतो. पण उचल वाढते वेगाच्या वर्गाने. वेग दुप्पट तर उचल चौपट. म्हणजे होडी वर, आणखी वर, आणि शेवटी पंखच पाण्याबाहेर... धप्प! तेव्हा खरा प्रश्न होडी वर कशी न्यायची हा नाहीच. योग्य उंचीवर ती थांबवायची कशी, हा आहे.

जुनं उत्तर असं, की पंख शिडीच्या पायऱ्यांसारखे किंवा तिरपे लावायचे. होडी वर गेली की पंखांचा पाण्यातला भाग आपोआप कमी होतो आणि उचलही घटते. १९५० च्या दशकात अमेरिकेत गॉर्डन बेकर यांची 'मॉनिटर' अशीच उडाली. डेव्हिड कायपर नावाचा गडी तर १९७० साली 'विलिवॉ' नावाची स्वतः बांधलेली फॉइलवाली होडी घेऊन कॅलिफोर्नियाहून थेट हवाईला गेला. पण पंख पाण्याचा पृष्ठभाग कापत राहिले की हवा खाली ओढली जाते, आणि मग पंखाची पकड जाते. दुसरं उत्तर म्हणजे पंख पूर्ण पाण्याखाली ठेवायचा आणि उंचीचं नियंत्रण वेगळं करायचं. आपल्या भाषेत, फीडबॅक लूप.

हा लूप शर्यतीच्या होडीत जमवून दाखवला तो 'मॉथ' या पिटुकल्या होडीच्या जगात. लांबी जास्तीत जास्त ३.३५५ मीटर, रुंदी २.२५ मीटर, शीड त्या काळी ८ चौरस मीटर, एकच माणूस. किमान वजनाची अटच नाही. दोन-तीन सांगाड्यांची होडी चालणार नाही वगैरे मोजक्या मनाया सोडल्या तर बाकी तुमचं तुम्ही बघा!

२००१ च्या जागतिक स्पर्धेत ब्रेट बर्विल तिरपे फॉइल लावून उतरला आणि दोन शर्यती जिंकला. झाला गोंधळ. बाजूला पसरलेले ते फॉइल म्हणजे मागच्या दाराने आणलेली अनेक सांगाड्यांची होडी, असं ठरवून क्लासने त्यांच्यावर बंदी घातली. इथे कुणी म्हणेल, बघा, मॉथवाल्यांनीही बंदीच घातली की! घातली, पण ती कशावर? होडीच्या आकारावर. उडायचं नाही असं कुणी म्हटलं नाही. सिडनीच्या इयन वॉर्डने फॉइल होडीच्या मधल्या रेषेत ठेवूनही उडता येतं हे दाखवलं होतं. पर्थच्या गार्थ आणि जॉन इलेट या भावांनी ते पुढे नेलं. इंग्रजी टी उलटा करावा तसे दोन फॉइल, एक मधे, एक सुकाणूला. आणि नाकाशी लोंबणारी एक काठी.

या काठीवर माझा भारी जीव आहे. तिचं टोक पाण्यावर घासत जातं. होडी खाली आली की पाणी काठीला मागे ढकलतं, दांडा सरकतो, मुख्य फॉइलच्या मागच्या कडेचा फ्लॅप खाली वळतो, उचल वाढते. होडी फार वर गेली की काठी सैल लोंबते, फ्लॅप वर वळतो, उचल कमी. बॅटरी नाही, सेन्सरची चिप नाही, कोडची एक ओळ नाही. काठीची कल्पना जुनीच, ख्रिस्तोफर हुक यांनी आपल्या मोटारबोटीवर पाण्यावर चालणाऱ्या चाचपण्या कितीतरी आधी वापरल्या होत्या. इलेट बंधूंनी ती काही किलो वजनाच्या होडीत बसवली. २००५ साली रोहन वील अशीच होडी घेऊन मॉथचा जगज्जेता झाला. संपला वाद.

आता या अब्जाधीशांकडे. २०१३ च्या अमेरिका कपसाठी एसी७२ नावाची ७२ फुटी जोडहोडी ठरली. तिच्या नियमांचा हेतू होडीने उडू नये असाच होता. फॉइलला हलते फ्लॅप नकोत, सुकाणूवरच्या पंखाचा कोन शर्यत चालू असताना बदलायचा नाही. म्हणजे 'किती मोठी' एवढ्यावर न थांबता 'कशी' तेही लिहून ठेवलं. मग काय झालं? न्यूझीलंडच्या संघाने पळवाट शोधली. छोट्या जोडहोड्यांवर प्रयोग करून त्यांनी इंग्रजी एलसारखा असा वाकवलेला फॉइल बनवला, की होडी वर गेली की ती बाजूला जास्त घसरते आणि त्या घसरण्यानेच उचल कमी होते. फ्लॅप नाहीच, आकारच लूप! २०१२ मध्ये ऑकलंडला ती अजस्र होडी उडाली. गंमत म्हणजे नियम लिहिणाऱ्यांपैकी पीट मेल्विन तोवर न्यूझीलंडच्याच संघात होते.

डोकं अफाट आहे, मान्य. पण ही पळवाट कुणाला परवडली? कोट्यवधी डॉलर असलेल्याला. मला आक्षेप घ्यायचाय तो इथे. 'कसं' ते बांधून टाकलं की कल्पकता मरत नाही, ती फक्त महाग होते. गॅरेजमधला माणूस बाहेर आणि पळवाटा शोधणारी फौज आत.

आणि नुसता पैशाचा प्रश्न नाही. मे २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत आर्टेमिस संघाची एसी७२ उलटून मोडली आणि अँड्र्यू सिम्पसन गेला. ती होडी पूर्ण उडणारी नव्हती, तेव्हा तिचं खापर या नियमावर फोडणं खोटेपणा होईल. पण नंतरचं बघा. सुरक्षेच्या ३७ शिफारशी आल्या, त्यात सुकाणूवरचे पंख मोठे करा अशीही होती. दोन संघांनी हरकत घेतली की हा तर होडीच्या नियमात बदल, तो परस्पर करता येणार नाही. ज्युरीने ती मान्य केली. नियमाच्या चौकटीत ज्युरी बरोबरच असेल. पण सुरक्षेची सूचना ज्या चौकटीत बसत नाही ती चौकट बरोबर कशी?

२०२१ साली ऑकलंडला कपच्या होड्यांच्या फॉइलना फ्लॅप आले. मॉथला ते पंधरा-सोळा वर्षं आधीपासून होते. सांगा आता, कुठून कुठे झिरपलं?

'सेलरॉकेट'चं उदाहरण तर आणखी बोलकं. वेगाच्या विक्रमाचा नियम केवढा? माणूस आत हवा, ताकद वाऱ्याची, ५०० मीटरची सरासरी. बस्स. म्हणून पॉल लार्सनच्या चमूला एकाच दिशेला धावणारी, शीड एका अंगाला अन् माणूस दुसऱ्या, अशी विचित्र होडी बांधता आली. पहिली होडी २००८ मध्ये हवेत उलटली. साधारण ५० नॉटच्या पुढे फॉइलवरचा दाब इतका उतरतो की पाणी तिथेच उकळून बुडबुडे होतात. यांनी पाचरीच्या आकाराचा फॉइल करून मुद्दाम हवाच आत घेतली. नोव्हेंबर २०१२, नामिबियातला वॉल्व्हिस बे, ६५.४५ नॉट. म्हणजे ताशी १२१ किलोमीटर, निव्वळ वाऱ्यावर!

आक्षेप मला माहीत आहेत. मोकळीक दिली की जुन्या होड्या भंगारात जातात. हो, मॉथच्या गेल्या. नवी मॉथ आता बऱ्यापैकी मोटारीच्या किमतीत पडते. हेही खरं. सगळ्यांना सारखी होडी देऊन कोण चांगलं हाकतो ते बघायचं असेल, तर जरूर बघा, तो खेळ सुंदरच आहे. फक्त त्यातून नवी होडी निघेल अशी अपेक्षा ठेवू नका. आणि प्रयोगासाठी म्हणून नियम लिहायला बसलात, तर लांबी लिहा, रुंदी लिहा, माणूस जिवंत परत आला पाहिजे हे सगळ्यात वर लिहा, आणि पेन खाली ठेवा.

ज्यांनी आयुष्यात एकदा तरी 'बटन डावीकडे, रंग निळा, आतला डेटाबेस अमुकच' असं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट वाचलंय, त्यांना मी काय म्हणतोय ते वेगळं सांगायला नको. बाकीच्यांनी भांडायला यावं. विकांत मोकळाच आहे!