आवाज कुणाचा?

परवा कँटीनमध्ये एका सीनियरने विषय काढला. "इथे पोरं बुलेटचा सायलेन्सर काढायला पैसे मोजतात, आणि अमेरिकेत बंदुकीला सायलेन्सर लावता यावा म्हणून नेते भांडतात!" सगळे हसले. मी मात्र रूमवर येऊन विचार करत बसले.

गंमत म्हणजे दोन्हींचं तत्त्व एकच. नळीतून सुटणाऱ्या गरम वायूला कप्प्याकप्प्यांतून हळूहळू पसरू द्यायचं, म्हणजे धमाका कमी होतो. हायरम पर्सी मॅक्सिमने बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट १९०९ साली मिळवलं. सिनेमातल्यासारखं 'फुस्स' मात्र होत नाही हं! साधारण १६० डेसिबलचे १३० होतात, इतकंच.

अमेरिकेत १९३४ पासून त्यावर २०० डॉलर कर आणि सरकारदरबारी नोंदणी होती. २०२५ च्या कायद्याने १ जानेवारी २०२६ पासून कर शून्य झाला, नोंदणी राहिली. आता तीही नको, असं एका गटाचं म्हणणं. कारण? कान! शिकारी आणि नेमबाज बहिरे होतात म्हणे.

हे खोटं नाही. एनसीसी कॅम्पमध्ये पॉइंट टू टू रायफलच्या पाच गोळ्या झाडल्यावर माझ्याही कानात तासभर शिट्टी वाजत होती. पण त्यावर उपाय इयरमफ आहे. इयरमफ फक्त माझे कान झाकतो. सायलेन्सर शेजारच्यालाही कमी ऐकू देतो, आणि त्याला कुणी विचारलेलंही नसतं.

'आवाज कुणाचा?' ही आमच्या लालबाग-परळची लाडकी आरोळी. बंदुकीच्या बाबतीत हाच प्रश्न विचारून बघा. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवर उद्घोषक विष्णू झेंडे यांनी धमाका ऐकला, बंदूकधारी पाहिला आणि माइकवरून प्रवाशांना बाहेर पडायला सांगत राहिले. त्या रात्री स्टेशनात ५८ माणसं गेली, पण झेंडेंच्या आवाजाने कित्येक जण वाचले. फटाके आणि ढोल-ताशांना सरावलेल्या आपल्या कानांना गोळीबार आधीच पटकन ओळखू येत नाही. त्यातून तो आवाज आणखी दबला, तर पळायचे ते चार सेकंदही जातील.

आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात, बंदुकीचा आवाज कमी करणारं साधनसुद्धा 'अग्निशस्त्र' या व्याख्येतच येतं. मला ते अगदी योग्य वाटतं. बंदूक झाडणाऱ्याची असेल, पण तिचा आवाज आजूबाजूच्या प्रत्येकाचा आहे. धोक्याची तेवढीच तर सूचना मिळते!

तेव्हा सीनियर, बंदुकीचं राहू द्या. तुमच्या बुलेटला मात्र सायलेन्सर लावा. परीक्षा जवळ आलीये!